लेप्टोस्पायरोसिस : उंदीर, जनावरे व माणूस यांचा सामाईक रोग

भाईंदर (पूर्व) येथील जेसल पार्क ही वसई खाडीच्या काठची वस्ती होय. पावसाची मोठी सर व मोठी भरती एकाच वेळी आली, की अशा सखल खाडीकाठी पावसाचे पाणी खाडीत न उतरता तुंबते. उंदीर व घुशी यांची बिळे बुडतात आणि त्यांचे मूत्र पाण्यात मिसळते. भातखाचरातही हेच घडते. लेप्टोस्पायरोसिसचा प्रसार होतो तो असा.

या रोगाचे जंतू मळसूत्रासारखे पिळदार असतात. जपानमध्ये इनाडा व इडो यांनी १९१५ च्या सुमारास ते शोधून काढले. उंदराच्या मूत्रपिंडात ते दीर्घकाळ राहतात. उंदीर मात्र आजारी दिसत नाही. गोड्या पाण्यात व ओल्या मातीत हे जंतू कित्येक आठवडे जगू शकतात. पायाच्या भेगा, जखमा, तसेच डोळे, नाक व तोंड यांवाटे ते माणसाच्या शरीरात शिरतात.

गाई, म्हशी, डुकरे व कुत्री यांनाही हा रोग होतो. जनावर गाभडणे व दूध एकाएकी घटणे ही त्याची लक्षणे असू शकतात. बरे झालेले जनावरही काही काळ मूत्रावाटे जंतू टाकीत राहते. म्हणजे केवळ उंदीर मारून भागत नाही. उंदीर, गोठा, पाणी व जखम ही साखळी जेथे जमेल तेथे तोडावयास हवी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली.

शेतकरी बांधवांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. बांध अरुंद व तणविरहित ठेवावेत. धान्य व पेंड झाकून ठेवावी.

२. गोठ्यातील मूत्र तळ्यात वा विहिरीकडे वाहू देऊ नये.

३. गाभडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी हाताळू नये, खोल पुरावी. पशुवैद्यकास कळवावे.

४. पायास जखम असता चिखलात उतरू नये. उतरणे भागच असेल तर जखम झाकून गमबूट घालावेत व नंतर पाय साबणाने धुवावेत.

थंडीताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना व लाल डोळे ही माणसातील लक्षणे होत. हयगय केल्यास कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात व मृत्यूही ओढवतो. वेळीच प्रतिजैविके मिळाल्यास रोगी बहुधा बरा होतो. यासाठी रोग्याने आपण तुंबलेल्या पाण्यात वा चिखलात वावरलो होतो, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच ही गोष्ट घरोघर समजावून द्यावी.