वारसा जतनाचा निधी: आधी पात्रता, मग पसंती

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २००० साली संमत झालेल्या सामुदायिक जतन कायद्यानुसार एखाद्या गावाला मतदारांचा कौल घेऊन मालमत्ता करावर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार बसवता येतो आणि त्या रकमेत राज्याच्या विश्वस्त निधीतून, म्हणजे दस्तनोंदणीच्या शुल्कातून साठणाऱ्या पैशांतून, भर पडते. वर्षाच्या उत्पन्नातील किमान १०-१० टक्के भाग मोकळ्या जमिनी, ऐतिहासिक ठेवा आणि परवडणारी घरे यांपैकी प्रत्येकासाठी खर्च करावा किंवा राखून ठेवावा लागतो. उरलेला पैसा या तिन्हींकडे किंवा क्रीडा-मनोरंजनाच्या जागांकडे वळवता येतो.

अर्जांची छाननी करणाऱ्या समितीत ५ ते ९ सदस्य असतात. तिची शिफारस ज्या नगरसभेपुढे, म्हणजे गावातील मतदारांच्या सभेपुढे, जाते तिला रक्कम मान्य करता येते, कमी करता येते किंवा फेटाळता येते. परंतु ती वाढवता येत नाही, आणि समितीने न सुचवलेल्या कामाला पैसाही देता येत नाही. त्यामुळे छाननीत राहिलेली त्रुटी पुढे कोणी दुरुस्त करील, या भरवशावर समितीने राहू नये.

या त्रुटींची किंमत दोन न्यायनिवाड्यांत स्पष्ट दिसते. न्यूटन शहराने दोन जुन्या उद्यानांच्या सुधारणेसाठी हा निधी मंजूर केला होता. मात्र ती उद्याने या निधीतून घेतलेली वा उभारलेली नसल्यामुळे त्यांच्या नूतनीकरणावर तो खर्चता येणार नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. अशा कामांना वाट मिळण्यासाठी २०१२ साली कायद्यातच दुरुस्ती करावी लागली. ॲक्टन गावात एका नांदत्या चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी अनुदान मंजूर झाले होते. त्या काचांवर धार्मिक चित्रे होती, आणि धर्मसंस्थांना सार्वजनिक पैसा देण्यावर राज्यघटनेने घातलेल्या बंधनामुळे २०१८ साली ते अनुदान न्यायालयात अडले. उद्यानेही गावाच्या उपयोगाची होती आणि खिडक्याही जपण्याजोग्या होत्या. तरीही काम चांगले असणे आणि ते निधीस पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्ही निवाड्यांतून सिद्ध झाले.

म्हणून अर्जदाराने खर्चाचा अंदाज मांडण्यापूर्वीच पात्रतेचे पुरावे जमवावेत. वास्तू राज्याच्या नोंदवहीत नसेल, तर ती स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची असल्याचा गावच्या वारसा मंडळाचा लेखी निर्णय अर्जासोबत जोडावा. नेहमीच्या देखभालीस हा निधी मिळत नाही. तेव्हा छपराची किरकोळ डागडुजी आणि वास्तू टिकवणारे मूलभूत काम यांतील सीमा वास्तुतज्ज्ञाकडून लिहून घ्यावी. गावाच्या अंदाजपत्रकातून आधीच भागत असलेला खर्च या निधीवर ढकलणेही कायद्याला मान्य नाही.

समितीनेही प्रत्येक अर्जाचा विचार दोन टप्प्यांत करावा: प्रथम पात्रता, आणि ती ठरल्यावरच निकड, लोकोपयोग व इतर मार्गांनी उभा राहणारा पैसा यांची तुलना. शंका असल्यास गावाच्या वकिलाचे मत सार्वजनिक सुनावणीपूर्वी घ्यावे. अनुदान टप्प्याटप्प्याने, काम तपासून देण्याचा करार करावा. आणि निधीतून घेतलेल्या जमिनीवर कायमचे निर्बंध, म्हणजे पुढील मालकांनाही बांधणाऱ्या वापराच्या अटी, कायद्यानुसार नोंदवले जातील याची खातरजमा करावी. निर्णयाची कारणे इतिवृत्तात नोंदवली गेली, तर नाकारल्या गेलेल्या अर्जदारालाही पुढील वर्षी नेमके काय सुधारावे हे कळते.

या छाननीमुळे काम लांबते, अशी तक्रार होते आणि ती खोटी नाही. तथापि शेजाऱ्यांनी स्वतःवर कर लावून घेऊन जमवलेला पैसा वापरताना, कारणासह वेळीच दिलेला नकार हा जिव्हाळ्यापोटी दिलेल्या आणि न्यायालयात न टिकणाऱ्या होकारापेक्षा वारशाच्या अधिक हिताचा असतो.