चाकाचे कुलूप

बैलगाडीच्या चाकात मधोमध तुंबा असतो. त्यात आरे बसवितात, वरून लोखंडी धाव चढवितात. मोटारीच्या चाकालाही तुंबा असतोच. त्याला हब म्हणतात. जीपगाडीच्या पुढच्या दोन्ही हबांत पुष्कळदा एक कुलूप असते. त्याची माहिती आपण घेऊ.

साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. चिंचोटी-कामणच्या डांबरी सडकेवर तेवढा पुरतो. पण पावसाळ्यात तुंगारेश्वराच्या डोंगरालगतच्या पाड्यांकडे वळा. मागची चाके चिखलात नुसती गरगर फिरतात. तिथे चारही चाकांनी ओढायला हवे. गाडीत बाळंतीण असली, तर कुलूप कसे लावायचे हे तिथे शिकत बसायला वेळ नसतो.

महायुद्धातल्या विलिस जीपला चारही चाकांचा जोर होता. पुढे महिंद्र कंपनीने तशा जीपगाड्या मुंबईत जुळविल्या. पण त्या जीपला एक खोड होती. सडकेवर पुढच्या चाकांचा जोर काढला, तरी चाकांबरोबर आतला दांडा आणि दातेरी चक्रे फिरतच राहत. रिकाम्या घाण्याला बैल फिरवावा तसे. त्याने तेल जास्त जाते, झीज होते. म्हणून 1948 साली अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी हबाची कुलपे करण्याचा कारखाना काढला. कुलूप उघडे असले की चाक एकटे फिरते. लावले की चाक आणि दांडा एकजीव होतात.

एक कुलूप हाताने लावायचे. गाडी थांबवा, खाली उतरा, हबावरची चकती ‘फ्री’कडून ‘लॉक’कडे फिरवा. दोन्ही बाजूंची फिरवा. एकच लावले, तर सारा जोर मोकळ्या बाजूला वाया जातो, पुढचे चाक ओढतच नाही. मग आत बसून दांडी ओढा. हे सगळे चिखलात शिरण्यापूर्वी करावे. रुतल्यावर गुडघाभर चिखलात हात घालावा लागतो, आणि तेव्हा ड्रायव्हरचे तोंड बघण्यासारखे असते!

दुसरे कुलूप आपोआप लागते. ड्रायव्हरने दांडी ओढली की झाले, उतरावं लागत नाही. सोडवायला मात्र काही गाड्या थोड्या मागे घ्याव्या लागतात. सोय मोठी, पण आतले काम नाजूक. काही गाड्यांत ते हवा खेचणाऱ्या रबरी नळीवर चालते. नळी चिरली की कुलूप लागत नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही. तीव्र उतारावर गाडी इंजिनावर रोखताना काही आपोआप कुलपे सुटूही शकतात. आम्हाला विचाराल, तर रोज चिखलात जाणाऱ्याने हाताचेच कुलूप घ्यावे. डोळ्यांनी दिसते, बोटांना कळते.

हाताचे कुलूप सडकेवर लावलेले राहिले तरी गाडी मोडत नाही, थोडी जड चालते एवढेच. पण कोरड्या डांबरावर चार चाकांची दांडी ओढून ठेवू नये. वळणावर पुढची चाके जास्त वाट चालतात, मागची कमी. मग आतली चक्रे एकमेकांवर ताणली जातात.

ओढ्यातून किंवा खाडीच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर मिस्त्रीकडून हब उघडून बघावा. ग्रीस ताकासारखे पांढरट दिसले, तर आत पाणी शिरले समजावे. ते पुसून काढून नवे भरावे.