असईचा हत्ती : पलटण, वारसा आणि कुटुंब



सैनिकाचा विषय निघाला की वर्गात आपण शौर्य सांगतो, पदकं सांगतो. पण सैनिक ज्या पलटणीच्या आधारावर उभा असतो, ती सांगायची राहून जाते. सातवी-आठवीच्या मुलांसाठी हा पाठ आपल्या जालना जिल्ह्यातूनच सुरू करता येईल.

गावाचं नाव, बिल्ल्यावरचा हत्ती

केळणा आणि जुई या नद्यांच्या परिसरात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याची ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेशी लढाई झाली. कंपनीचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. मराठ्यांच्या बाजूचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांजवळून हलले नाहीत. कंपनीचे दीड हजारांहून जास्त लोक ठार वा जखमी झाले, तरी लढाई वेलस्लीने जिंकली.

या लढाईची खूण म्हणून कंपनीकडून लढलेल्या मद्रासच्या पलटणींना हत्तीचं चिन्ह मिळालं. आजच्या भारतीय सेनेतल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर तोच असईचा हत्ती आहे. तिचं केंद्र निलगिरीतल्या वेलिंग्टन इथे आहे. हे वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले, त्यांचंच नाव त्या गावाला मिळालं.

मुलं विचारतील तो प्रश्न

"सर, मग आपण हरलो त्याचा त्यांना अभिमान कसा?" हा प्रश्न टाळू नका. दोन्हीकडे बंदूक धरणारे बहुतेक हात याच देशातले होते, हे आधी सांगा. भारतीय सत्तांविरुद्ध मिळालेले असे युद्धसन्मान स्वतंत्र भारताची सेना साजरे करत नाही. हत्ती मात्र राहिला, आणि आज तो भारताचं रक्षण करणाऱ्या जवानाच्या टोपीवर आहे. वारसा जसाच्या तसा डोक्यावर घ्यायचा नसतो. त्यातलं काय ठेवायचं, काय बाजूला सारायचं, हे पुढची पिढी ठरवते.

आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचंही तसंच. तिची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली कंपनीनेच मुंबईत उभारली. आज तीच रेजिमेंट 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' असा जयघोष करत लढते. तिचं केंद्र बेळगावला आहे.

पलटण कुटुंब कशी होते?

एका पलटणीत साधारण ८०० जण असतात. जवानाची नेमणूक मधूनमधून दुसरीकडे झाली, तरी बहुतेकदा तो परत आपल्या पलटणीतच येतो. सुभेदार मेजर हा घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. रागावतो तोच आणि घरची अडचणही त्यालाच सांगता येते. बड्या खान्याला अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. सेनेत तीन शब्द नेहमी ऐकू येतात : नाम, नमक, निशान. पलटणीचं नाव, खाल्लेल्या मिठाला जागणं आणि आपला ध्वज. संकटात माणूस मोठ्या घोषणेसाठी थांबत नाही. शेजारच्या खंदकातला सोबती एकटा पडू नये म्हणून थांबतो.

घरात जसे मोठ्यांचे नियम जाचक वाटतात, तसे इथेही वाटतात. विश्वास मात्र त्याच शिस्तीतून तयार होतो.

वर्गात काय करावं?

१. गावातल्या माजी सैनिकांना शाळेत बोलवा. 'किती शत्रू मारले?' असं न विचारता 'तुमच्या पलटणीत तुमची काळजी कोण घ्यायचं?' असं मुलांना विचारू द्या.

२. सैनिकाच्या घरी मागे राहिलेली आई, पत्नी, मुलं काय काय सांभाळतात, याची यादी करून घ्या. सेवा त्यांचीही असते.

३. 'आमच्या वर्गाचं नाव, नमक, निशान काय?' यावर दहा ओळी लिहायला द्या.

शेवटच्या उपक्रमात मुलं काय लिहितात ते नीट वाचा. वर्गात कोण एकटं पडलंय, हे त्या दहा ओळींतून कळेल. त्या मुलाचा हात कुणीतरी धरला, तर पलटणीचा धडा वर्गाला समजला असं म्हणू या.