बाळहिरड्याची खरेदी : फार्मसीधारकांसाठी काही विचार

इंदापूर तालुक्यातील आमचे शेळगाव पर्जन्यछायेत येते. येथील वन म्हणजे गवताळ माळ. हिरडा येथे अक्षरशः औषधालाही सापडत नाही. तरी हिरड्यावाचून आमच्या दवाखान्याचा एक दिवस जात नाही, आणि तो वाढतो आमच्याच पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत. तेथील अनेक महादेव कोळी कुटुंबांच्या हाती पावसाळ्यापूर्वी जो रोख पैसा पडतो, तो बाळहिरड्याचा.

बाळहिरडा ही भावप्रकाशात सांगितलेल्या विजया, रोहिणी आदी सात जातींहून निराळी जात नव्हे. आठळी कठीण होण्यापूर्वी उतरविलेले तेच कोवळे फळ होय. उन्हाळ्यात झाडावर चढून ते काढतात व उन्हात वाळवितात. वाळताना ते काळे पडते आणि वजन पुष्कळ घटते. गंधर्वहरीतकीस हे चालते. त्रिफळ्यास मात्र पक्व फळाची साल हवी. पक्व हिरड्याला भाव कमी, म्हणून संग्राहक कोवळेच उतरवितो. यात त्याला दोष कसा द्यावा? भाव आपण ठरवितो.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून आम्ही घासाघीस करून बाळहिरडा घेतला. पोते सोडताच बुरशीचा वास आला. निम्मा माल टाकावा लागला. अवकाळी पावसात वाळवणास आडोसा नव्हता, घरात पैशाची निकड होती, म्हणून ओलसर माल तसाच विकला गेला होता. वाचविलेल्या पैशांहून नुकसान अधिक झाले.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याची झाडे मोडली, उन्मळली. भात पुढील वर्षी पुन्हा लावता येतो. हिरड्याला फळ धरण्यास अनेक वर्षे लागतात. त्या घरांचे उत्पन्न तितकी वर्षे गेले.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्कधारकांची मालकी मान्य केली. 2012 च्या नियमदुरुस्तीनंतर वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे आला. जेथे सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथून दोन-तीन फार्मसींनी मिळून थेट खरेदी करण्यास हरकत नसावी. भाव हंगामापूर्वी ठरवावा, काही रक्कम आगाऊ द्यावी, पक्व फळाचीही मागणी त्याच वेळी नोंदवावी. वाळवणासाठी ताडपत्री आपण पुरविल्यास खर्च किरकोळ येतो. माल उतरविताना पोत्याच्या तळातील मूठभर फळे फोडून पाहावीत. आत ओल लागली तर पोते परत न पाठविता तेथेच पुन्हा उन्हात घालावे आणि वजन त्यानंतर धरावे.