जन्म-मृत्यूची नोंद : दप्तरातली आणि संगणकातली

या सदरात आपण नेहमी रोग आणि त्यावरील उपाय पाहतो. आज मात्र नगरपालिकेच्या दप्तराविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. डॉक्टरचा आणि दप्तराचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. मूल जन्माला आले की त्याचा पहिला कागद दवाखान्यात लिहिला जातो आणि माणूस गेला की त्याचा शेवटचा कागदही डॉक्टरच लिहितो. या दोन कागदांवरून सरकारी नोंद होते. मुलाचा शाळाप्रवेश, विधवेचे निवृत्तिवेतन, विम्याची रक्कम हे सारे पुढे त्या नोंदीवर अवलंबून राहते.

हल्ली ही नोंद संगणकावर होते. त्यामुळे आता काळजी नाही, अशी अनेकांची समजूत झाली आहे. संगणकाने शोधणे सोपे झाले, दाखला लवकर मिळू लागला, हे खरेच. पण संगणकाला खरेखोटे कळत नाही. त्याला जे सांगाल तेच तो इमानाने जपून ठेवतो. म्हणून नोंद होते त्या दिवशी ती अचूक करून घेणे, हे काम आपलेच आहे.

नोंद कोठे होते?

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. त्याचा मूळ नियम सोपा आहे. घटना जेथे घडली तेथे नोंद. घर कोठे आहे याला महत्त्व नाही. शिधापत्रिका बदलापूरची असली तरी बाळंतपण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात झाले, तर नोंद उल्हासनगर महानगरपालिकेकडे होते. त्याच बाईला अवघड बाळंतपण म्हणून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात हलवले, तर नोंद ठाणे महानगरपालिकेकडे. परळच्या के.ई.एम.मध्ये नेले, तर मुंबई महानगरपालिकेकडे. माहेरी खेड्यात घरीच बाळंत झाली, तर त्या ग्रामपंचायतीकडे. मृत्यूच्या नोंदीलाही हाच नियम लागू आहे. आपल्या भागातून ठाण्या-मुंबईकडे रुग्ण हलवणे नेहमीचे असल्याने अनेकजण भलत्याच कार्यालयात खेटे घालतात.

जुन्या नोंदींची आणखी एक गंमत आहे. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात सामील होते. १९९२ साली दोन्ही गावे बाहेर पडली आणि त्यांच्या वेगळ्या नगरपालिका झाल्या. उल्हासनगरची महानगरपालिका १९९६ ची. म्हणजे अंबरनाथला १९८७ साली जन्मलेल्या माणसाला आज पारपत्रासाठी दाखला हवा असेल, तर त्या सालचे रजिस्टर कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी विचारून घ्यावे. अर्ज करण्यापूर्वी जन्मस्थळ, रुग्णालय आणि साल या तीन गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पक्क्या कराव्यात.

एकवीस दिवस लक्षात ठेवा

रुग्णालयात जन्म किंवा मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. आज अर्ध्या तासात होणारे काम वर्षभराने किती दिवस खाईल, ते सांगता येत नाही.

बाळाचे नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नये. नावाशिवाय नोंद होते. पुढे बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क आणि पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. अर्थात बारशाच्या आठवड्यातच हे काम उरकावे.

हे सांगण्याचे कारण असे की, २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पारपत्र, आधार या सर्वांना जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा जन्मदाखला हाच आहे. पूर्वी शाळेत गुरुजी लिहितील ती जन्मतारीख चालून जाई. फाळणीनंतर सिंधमधून कल्याण छावणीच्या बराकींत आलेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर असे नाव मिळालेल्या या शहरात, नोंदी मागे राहिल्यामुळे वय अंदाजाने सांगणारी वृद्ध मंडळी आम्ही पाहिली आहेत. आताच्या बालकांना तसे भागवता येणार नाही.

मृत्यूचे कारण म्हणजे काय?

आता खास वैद्यकीय भाग. मृत्यूच्या नोंदीसाठी डॉक्टर कारणाचे प्रमाणपत्र देतो. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ अ. यात पहिल्या ओळीत शेवटचे कारण आणि त्याखाली ते कशामुळे झाले, ते उतरत्या क्रमाने लिहायचे असते. समजा, एखाद्या गृहस्थाला अनेक वर्षे रक्तदाबाचा विकार होता. त्यातून पक्षाघात झाला, अंथरुणाला खिळल्यावर फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला आणि ते वारले. तर पहिल्या ओळीत फुप्फुसाचा संसर्ग, दुसऱ्या ओळीत पक्षाघात आणि तिसऱ्या ओळीत उच्च रक्तदाब यायला हवा. मूळ कारण सर्वांत खालच्या ओळीत असते. मधुमेहासारखा बरोबरीचा आजार असेल तर तो दुसऱ्या भागात येतो.

‘हृदय बंद पडल्यामुळे मृत्यू’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते! ते का बंद पडले, हा खरा प्रश्न. एखाद्या भागात क्षयाने किती माणसे दगावतात, बाळंतपणात किती जातात, कावीळ किंवा लेप्टो वाढतो आहे का, हे शासनाला याच कागदांवरून कळते. त्यावरून औषधे आणि पैसा कोठे पाठवायचा ते ठरते. २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंची कारणे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह होती. बाकीच्यांचे कारण संगणकाला विचारून काय उपयोग? मुळात कोणी लिहिलेच नाही.

घरच्यांनाही या कागदाची गरज आहे. वडील ऐन पंचेचाळिशीत हृदयविकाराने गेले असतील, तर मुलाने तिशीतच रक्तदाब, साखर आणि चरबी तपासून घ्यावी. आईला स्तनाचा कर्करोग असेल, तर मुलींनी डॉक्टरांना तसे सांगावे. पण आमच्याकडे येणारे पुष्कळ रुग्ण ‘वडील असेच गेले’ एवढेच सांगतात. नगरपालिकेच्या मृत्यूदाखल्यावर कारण छापलेले नसते, कारण कायद्यानेच ते गोपनीय ठेवले आहे. म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत फार मोलाची. २०२३ च्या दुरुस्तीनुसार ही प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते आणि या प्रमाणपत्राचे शुल्क आकारता येत नाही. दुःखाच्या प्रसंगी कागद मागणे जिवावर येते. अशा वेळी शेजारच्या किंवा नात्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाने पुढे व्हावे.

एक सूचना. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले नाहीत, त्याच्याकडे प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये. अपघात, विषबाधा, भाजणे किंवा संशयास्पद मृत्यू असल्यास पोलिसांना कळवणे आणि शवविच्छेदन आवश्यक असते. डॉक्टर अडवणूक करतो, असा गैरसमज करून घेऊ नये.

चूक झाली तर?

नोंदीतली चूक दुरुस्त होते, पण मूळ मजकूर खोडून नव्हे. निबंधक पुराव्यांची खात्री करून समासात दुरुस्ती लिहितो आणि तारखेसह सही करतो. मूळ नोंद तशीच राहते. ही पद्धत योग्यच आहे, कारण जे रजिस्टर कोणालाही बदलता येते त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मात्र दुरुस्तीसाठी पुरावे गोळा करावे लागतात. आईच्या नावातली एक वेलांटी, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग, तारखेतील महिना, या तीन ठिकाणी चुका जास्त होतात.

म्हणून एवढे करा :

१) रुग्णालयात माहितीचा अर्ज घाईत तोंडी सांगून भरू नका. आईवडिलांची नावे आधारपत्राप्रमाणे मराठीत आणि इंग्रजीत कागदावर लिहून द्या.

२) अर्जावर सही करण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या.

३) नोंद झाल्यापासून सात दिवसांत पहिला दाखला विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. तो हातात येताच प्रत्येक अक्षर तपासा.

४) दाखल्यावरील नोंदणी क्रमांक आणि तारीख वेगळ्या वहीत उतरवून ठेवा. क्रमांक असला की हरवलेला दाखला पुन्हा काढणे सोपे जाते.

५) दाखला, लसीकरणाचे कार्ड, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि मृत्यूच्या कारणाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच जागी ठेवा. २६ जुलै २००५ चा आणि २०१९ च्या जुलैचा उल्हास नदीचा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. मोबाइलमध्ये फोटो काढून तो घरातील आणखी एकाकडे पाठवून ठेवा.

६) मध्यस्थाला पैसे देऊन दाखला आणू नका. खोट्या दाखल्याची नोंद रजिस्टरात सापडत नाही आणि गोत्यात आपण येतो.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने नागरी नोंदणीचे मोबाइल ॲपही सुरू केले. सोय वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरी खिडकीवरच्या कारकुनाने टंकलेली अक्षरे तपासायला आईबापांइतका योग्य माणूस दुसरा नाही. ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात पाळणा हलला असेल, त्यांनी आज संध्याकाळी दाखला काढून एकदा वाचावा. आणि दाखला अजून आणलाच नसेल, तर उद्या सकाळी कार्यालय उघडताच पहिले काम तेच करावे.