दिलेला शब्द : एका सायकल-संघाची हकीकत

आपल्या शाळेंतील बरेच विद्यार्थी रोज सायकलवरून येतात. समोरून वारा वाहत असतां पुढच्या मित्राच्या चाकामागें आपलें चाक ठेविलें म्हणजे पाय हलके पडतात, हा अनुभव त्यांतील पुष्कळांस असेल. वाऱ्याचा मारा पुढच्याच्या छातीवर बसतो व मागच्याचे पाव ते तिसरा हिस्सा श्रम वांचतात. युरोपांतील सायकल-शर्यतीचें सर्व शास्त्र या एवढ्याशा गोष्टीवर उभारलेलें आहे. जिंकणाराचें नांव एकट्याचें लागतें. परंतु त्याच्यापुढें तासन् तास वारा खाणारे, त्याचें चाक फुटलें तर आपलें काढून देणारे व मागच्या मोटारींतून पाण्याच्या बाटल्या आणून पोंचविणारे सोबती नसतील, तर तो कितीही बलवान् असला तरी त्याचा निभाव लागत नाहीं. हें ध्यानांत घेतल्यावांचून पुढील हकीकतीचें मर्म कळणार नाहीं.

फ्रान्स देशांत १९८४ सालीं बेर्नार तापी नांवाच्या धाडसी व्यापाऱ्यानें एक नवा धंदेवाईक संघ उभा केला. आरोग्यवर्धक खाद्यपदार्थांच्या त्याच्या दुकानांचें ‘ला व्ही क्लेर’ हें नांवच संघास मिळालें. डच चित्रकार पीट मॉन्ड्रियान याच्या चित्रांच्या धर्तीवर तांबडे, पिवळे व निळे चौकोन काढलेला सदरा हे लोक घालीत. संघाचा नायक बेर्नार इनो. हा ब्रिटनी प्रांतांतला. अंगानें मध्यम, स्वभावानें हट्टी. टूर द फ्रान्स ही सुमारें तीन आठवड्यांची शर्यत त्यानें १९७८, १९७९, १९८१ व १९८२ या वर्षीं जिंकली होती. १९८३ त गुडघा बिघडला, १९८४ त तो दुसरा आला, आणि आतां हा संपला असें लोक म्हणूं लागले. मार्गदर्शक पॉल केख्ली हा स्विस गृहस्थ होता. तापीचा ‘लूक’ नांवाचा एक कारखानाही होता; त्यानें पट्ट्याशिवाय बूट पकडून ठेवणारें पायडल काढलें, व १९८५ ची शर्यत इनोनें तेंच वापरून जिंकली. आज जगभर शर्यतीच्या सायकलींस त्याच जातीचीं पायडलें असतात.

याच १९८५ सालीं ग्रेग लेमाँड हा अमेरिकन तरुण संघांत आला. तो १९८३ चा जगज्जेता होता, वय अवघें चोवीस. त्या वर्षीं इनो आघाडीवर असतां सेंट एतिएन येथें पडला, नाक मोडलें, रक्तबंबाळ तोंडानें त्यानें रेषा ओलांडली. पुढें पिरेनीज पर्वतांत लूझ आर्दिदँच्या चढावर तो मागें पडूं लागला. लेमाँड मात्र पुढें होता व त्याच्या पायांत जोर होता. इतक्यांत संघाच्या मोटारींतून हुकूम आला कीं, नायक मागें आहे, तूं जोर करूं नकोस. त्यानें जोर केला नाहीं. मागचें अंतर आपणांस खरें होतें त्याहून कमी सांगण्यांत आलें, अशी त्याची तक्रार पुढें पुष्कळ वर्षें राहिली. शेवटीं इनो जिंकला, लेमाँड १ मिनिट ४२ सेकंद मागें राहून दुसरा आला. इनोची ही पांचवी टूर. त्या आनंदाच्या भरांत त्यानें सर्वांसमक्ष सांगितलें कीं, पुढील वर्षीं मी लेमाँडच्या विजयासाठीं झटेन.

पुढचें वर्ष उजाडलें. १९८६ च्या शर्यतींत २१ संघ व २१० स्वार होते. बाराव्या दिवशीं पो शहराच्या वाटेवर इनोनें लेमाँडला मागें टाकून झेप घेतली व त्या एका दिवसांत साडेचार मिनिटांहून अधिक अंतर मिळविलें. एकंदरींत तो ५ मिनिटें २५ सेकंद पुढें झाला आणि आघाडीचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर आला. दुसऱ्या दिवशीं तुर्मालेच्या उतारावर त्यानें पुन्हा एकट्यानेंच धांव घेतली! हें मात्र त्याला झेपलें नाहीं. अखेरच्या सुपरबान्येरच्या चढावर तो पार थकला. अँडी हॅम्पस्टेन या सोबत्यानें लेमाँडला साथ दिली, लेमाँडनें तो दिवस जिंकला, व दोघांमधील अंतर अवघें चाळीस सेकंदांवर आलें. संघांत दोन तट पडले. एकाच रंगाचा सदरा घातलेले सोबती एकमेकांकडे संशयानें पाहूं लागले.

आल्प्स पर्वतांत ग्रानोंच्या उंच घाटावर अखेर लेमाँडनें पिवळा सदरा मिळविला. त्याच्या दुसऱ्या दिवशीं आल्प द्यूएझचा प्रसिद्ध चढ दोघांनीं मिळून चढला. लाखों लोकांच्या गर्दींतून लेमाँड इनोच्या मागें गेला. वर पोंचतांना दोघांनीं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले, व रेषेवर लेमाँडनें त्याला पुढें जाऊं दिलें. पाहणारांस वाटलें, समेट झाला. परंतु त्यानंतर लगेच इनोनें सांगितलें कीं, शर्यत अजून संपलेली नाहीं. शेजारीं बसलेल्या लेमाँडचा चेहरा तेव्हां कसा झाला असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांनींच करावी.

इनोचें म्हणणें असें कीं, आपण प्रतिस्पर्धी संघांस दमविण्यासाठींच पुढें धांवलों. आणि शेवटीं जिंकला कोण? लेमाँडच ना? हा युक्तिवाद अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आल्प द्यूएझवर तिसरा स्वार पांच मिनिटांहून अधिक मागें राहिला, तो या धांवण्यामुळेंही असेल. शिवाय सहा वेळां टूर जिंकणें तोंवर कोणासही साधलें नव्हतें, आणि रस्त्याच्या दुतर्फा त्याचेच देशबांधव त्याच्या नांवाचा गजर करीत होते. तो मोह लहान नव्हे. तरी पण शब्द देणाराच्या मनांत काय होतें यापेक्षां ऐकणारानें त्याचा सरळ अर्थ काय घेतला, यावरच तो मोजला पाहिजे असें आम्हांस वाटतें. ‘साह्य करीन’ हें ऐकून त्या तरुणानें आदल्या वर्षीं केलेला त्याग पोटांत घातला होता. त्याच्या पदरीं चढाओढ पडली.

पॅरिस येथें लेमाँड ३ मिनिटें १० सेकंदांनीं पहिला, इनो दुसरा, हॅम्पस्टेन चौथा, व संघांचें बक्षीसही ला व्ही क्लेरचेंच. युरोपाबाहेरचा माणूस ही शर्यत प्रथमच जिंकला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस इनोनें शर्यतींतून निवृत्ति घेतली. १९८७ च्या एप्रिलांत शिकारींत चुकून गोळी लागून लेमाँड मरणाच्या दारीं जाऊन आला. पुढें दुसऱ्या संघांतून त्यानें १९८९ सालीं अवघ्या आठ सेकंदांनीं व १९९० सालीं पुन्हा टूर जिंकली. तापीचा संघ तोशिबा या नांवानें कांहीं वर्षें चालला व १९९१ सालीं बंद पडला.