कचऱ्याचा खर्च : शिवाजी पेठेतल्या बादलीपासून लँडफिलपर्यंत

घरफाळा भरला म्हणजे कचऱ्याचे पैसे दिले, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कचऱ्याचा मोठा खर्च पावतीवर दिसत नाही. कोल्हापुरात तो कचरा उचलणाऱ्या टिपरच्या डिझेलमध्ये असतो, कसबा बावड्यातल्या झूम कचरा प्रकल्पावर वर्षानुवर्षं साचलेला ढीग उपसण्यात असतो आणि कचरा पुरायच्या पुढच्या लँडफिलसाठी लागणाऱ्या जमिनीत असतो. हे पैसे शेवटी आपलेच. कचरा घरातून जितका पुढे जातो तितका महाग होत जातो, म्हणून घरापासून डेपोपर्यंत प्रत्येक टप्प्याला काय पडतं ते इथे मांडलं आहे. बाजारभाव ढोबळ आहेत, दुकानागणिक फरक पडेल.

घरात

पाच माणसांच्या घरात दिवसाला साधारण दोन किलो कचरा होतो. निम्म्याहून जास्त ओला : भाजीची देठं, कांद्याची सालं, चहाचा चोथा, उरलेला भात, देव्हाऱ्यातली फुलं. म्हणजे रोज किलो-सव्वा किलो माल घरातच जिरवता येण्यासारखा असतो.

त्यासाठी पस्तीस-चाळीस लिटरचे झाकणाचे दोन ड्रम पुरतात. दोन्हींचे मिळून सातशे ते बाराशे रुपये. तळाला आणि बाजूंना तापल्या खिळ्याने भोकं पाडायची, खाली जुनी परात ठेवायची. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच कोरडा थर हवा. पुस्तकं कोकोपीट सांगतात आणि त्याची पाच किलोची वीट दीडशे-अडीचशेला मिळतेही, पण कोल्हापुरात त्याची गरज नाही. वाळलेला पाला, सॉ मिलमधला भुसा, उसाचं बारीक केलेलं पाचट, काहीही चालतं आणि बहुतेक वेळा फुकट मिळतं. विरजण म्हणून गवळ्याकडचं मूठभर वाळलेलं शेण किंवा आंबट ताक. पहिला ड्रम भरला की दीड-दोन महिने झाकून ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. महिन्याला पाच-सहा किलो खत निघतं. नर्सरीत तेच किलोला वीस ते चाळीस रुपयांनी मिळतं. वर्षभरात ड्रमचे पैसे वसूल होतात.

मातीच्या तीन मजली कुंड्या दिसायला सुबक असतात, किंमत दोन ते चार हजार. गॅलरीत ठेवायच्या असतील तर जरूर घ्याव्यात. मात्र त्यातलं खत ड्रममधल्यापेक्षा सरस निघत नाही.

बऱ्याच घरांचा प्रयोग मोडतो तो रविवारच्या मटणामुळे. हाडं आणि रश्शाचा तेलकट गाळ ड्रममध्ये गेला की वास सुटतो, घुशी येतात आणि घरातली मोठी माणसं तिसऱ्या दिवशी ड्रम बाहेर काढायला लावतात. हाडं कागदात गुंडाळून टिपरच्या ओल्या कप्प्यातच टाकावीत. सुरुवात भर पावसात करू नये. दसऱ्यानंतर पाला वाळलेला असतो, तेव्हा जमतं. ज्या गल्लीत अजून म्हशी आहेत तिथे भाजीची देठं गवळ्याच्या पाटीत जातात. त्याहून स्वस्त उपाय कुठल्याही शहराला सापडलेला नाही, फक्त त्यात प्लॅस्टिकची पिशवी जाऊ द्यायची नाही.

सुका कचरा विकला जातो, पण कोरडा आणि स्वच्छ असला तरच. रद्दी किलोला बारा ते सोळा, पुठ्ठा आठ ते बारा, पाण्याच्या बाटल्या पंधरा ते पंचवीस, लोखंड पंचवीस ते तीस. काचेला जवळजवळ भाव नाही, वेफर्सच्या चकचकीत पुड्यांना अजिबात नाही. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करू नये. तो बोटभर तुकडा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागत नाही आणि थेट डेपोवर जातो. पिशवी एका बाजूने चिरली, धुऊन दोरीवर वाळवली आणि महिन्याची जमा केली तर भंगारवाला आनंदाने नेतो. घरात ठेवायला जागा नसेल तर हा माल ‘अवनि’ किंवा ‘एकटी’ या संस्थांशी जोडलेल्या कचरावेचक महिलांना द्यावा. त्यांच्या हातून तो कामाला लागतो.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळ्या कागदात, वर लाल खूण करून द्यावेत. ही खूण करायला पैसे पडत नाहीत. ती नसेल तर कुणीतरी ते उघड्या हातांनी चिवडतं.

अपार्टमेंटमध्ये

रंकाळ्याच्या बाजूला जुने वाडे जाऊन उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये तीस फ्लॅट असतील तर रोज साठ किलो कचरा होतो, त्यात ओला तीस-पस्तीस किलो. सेक्रेटरीकडे यंत्रवाले येतात आणि ‘चोवीस तासांत खत’ असं सांगतात. चोवीस तासांत कचरा तापतो, वाळतो, बारीक होतो. खत व्हायला त्याला पुढे काही आठवडे मुरावंच लागतं. यंत्राला काही लाख रुपये, वर विजेचं बिल, पाती आणि मोटरची दुरुस्ती. तीस फ्लॅटना ते परवडत नाही, घेऊ नये.

त्याऐवजी विटांचे जाळीदार बांधणीचे मीटरभर लांबी-रुंदी-उंचीचे तीन हौद, वर पत्रा. एकूण चाळीस-पन्नास हजारांत होतात. दिवसाला तासभर काम करणाऱ्या माणसाला महिना चार-पाच हजार द्यावेत. फ्लॅटमागे महिना दीडशेच्या आसपास पडतं. हौदांवर खर्च करा किंवा नका करू, त्या माणसाचे पैसे कधी कापू नका. हौद बंद पडतात ते माणूस गेल्यामुळे.

घराची दुरुस्ती काढली असेल तर विटांचे तुकडे आणि फरशी, म्हणजे खरमाती, घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. बांधकामाच्या कचऱ्यासाठी 2016 पासून स्वतंत्र नियम आहेत. ट्रॅक्टर ट्रॉलीच्या खेपेला हजार ते दोन हजार जातात. ते वाचवायला रात्री रंकाळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठावर ट्रॉली पलटी करणारे दिसतात. 2005, 2019, 2021 चे पूर पाहिलेल्या गावाने निदान ओढा बुजवू नये.

तालमीच्या जेवणावळीला

पेठेत तालीम-मंडळांचा महाप्रसाद म्हणजे शेकडो पानं. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत यासाठी थेट तरतूद आली : परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा जागेवर वेगळा करून द्यायचा. मंडपाचा आणि ध्वनिक्षेपकाचा अर्ज जातोच, त्याच फेरीत हा अर्ज द्यावा.

थर्माकोलच्या पत्रावळ्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. स्टीलची ताटं भाड्याने नगामागे तीन-पाच रुपयांत मिळतात. धुणाऱ्यांची मजुरी धरली तरी पाचशे पानांमागे फरक हजार-दोन हजारांचा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी चौकात घाण राहत नाही. गणपतीनंतर निर्माल्य वेगळं ठेवण्याची सवय कोल्हापूरकरांनी लावून घेतली आहे. तीच शिस्त जेवणावळीला लावणं मंडळांना अवघड नाही.

गल्लीतून डेपोपर्यंत

आपल्या बहुतेक शहरांत कचऱ्यावरच्या खर्चाचा फार मोठा वाटा उठाव आणि वाहतुकीत संपतो. प्रक्रिया आणि शेवटच्या विल्हेवाटीला उरतं ते किरकोळ. शिवाजी पेठेच्या ज्या बोळांत टिपर शिरत नाही तिथून कोंडाळ्यापर्यंत एक हाताळणी, कोंडाळ्यातून गाडीत दुसरी, डेपोवर तिसरी. प्रत्येक हाताळणीला मजुरी आहे. बोळातल्या दहा घरांनी ठरलेल्या वेळी दोन बादल्या घेऊन तोंडाशी यायचं ठरवलं तर कोंडाळा लागत नाही.

आता लँडफिल. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या 5,49,236 होती. माणशी साडेतीनशे-चारशे ग्रॅम धरले तर रोजचा कचरा दोनशे टनांच्या घरात जातो. लोकसंख्या वाढणार नाही असं समजूनही वीस वर्षांत 14 लाख 60 हजार टन होतात. सगळं एकत्र पुरलं, घनमीटरमागे 0.85 टन इतकं दाबलं आणि दहा मीटर उंच रचलं, तर साडेबेचाळीस एकर लागतात. ओला जिरवून आणि सुका विकून पाचवा हिस्साच उरला, तर साडेआठ एकर. उतार, रस्ते, भोवतीचा मोकळा पट्टा दोन्हीकडे वेगळा. चौतीस एकरांचा हा फरक ठरतो तो आपल्या ओट्याखाली दोन बादल्या आहेत की एक यावर.

जागा तरी कुठे आहे? घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी घातलेली अंतरं अशी : नदीपासून 100 मीटर, तळ्यापासून 200, वस्ती, महामार्ग, बाग आणि पाण्याच्या विहिरींपासून 200, पूररेषेत अजिबात नाही, आणि विमानतळापासून 20 किलोमीटर. दहा ते वीस किलोमीटरमध्ये करायचं तर विमान वाहतूक खात्याची हरकत नसल्याचा दाखला. शहराच्या मध्यापासून उजळाईवाडीचा विमानतळ नऊ-दहा किलोमीटरवर आहे. एका बाजूला पंचगंगेचं पात्र. नकाशावर ही वर्तुळं काढून पाहिली तर शहराच्या जवळपास नवी जागा उरतच नाही. टाकाळ्याच्या खणीतल्या लँडफिलला भोवतालच्या रहिवाशांनी विरोध केला, तो समजण्यासारखा होता. कुणाच्या दारात पुरायचं, हा प्रश्न कचरा वेगळा केल्याशिवाय सुटत नाही.

जागा मिळाली तरी नुसता खड्डा म्हणजे लँडफिल नव्हे. तळाला 90 सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लॅस्टिकचा कापडासारखा थर, त्यावर झिरपलेलं पाणी गोळा करायच्या नळ्या. एक हेक्टरला 9,000 घनमीटर माती लागते, म्हणजे तीन हजार ब्रासहून जास्त. तुमच्याकडचा ब्रासचा दर लावून बघा. एचडीपीईला टाकण्यासह चौरस मीटरला अडीचशे-चारशे रुपये धरले तर हेक्टरी पंचवीस ते चाळीस लाख. रोज संध्याकाळी दहा सेंटिमीटर माती पसरायची, पावसाळ्याआधी जाड थर टाकायचा, बंद केल्यावर पुढे पंधरा वर्षं पाणी आणि वायू तपासत राहायचं. मिथेनमुळे डेपो पेटतो, हे झूमवर पाहिलं आहे. आपल्याकडे वर्षाला हजारएक मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या एका हेक्टरवर ते पाणी एक कोटी लिटर होतं. कचऱ्यातून झिरपलं की काळं होऊन खाली जातं, आणि खालच्या विहिरीचं पाणी नंतर कितीही पैसे ओतून पूर्वीसारखं होत नाही.

जुना ढीग काढायचा तर केंद्राने धरलेला दर टनाला सुमारे 550 रुपये. लाख टनाला साडेपाच कोटी. स्वच्छ भारत अभियानाच्या 2021 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात एक ते दहा लाख वस्तीच्या शहरांसाठी घनकचऱ्याच्या कामात केंद्राचा वाटा 33 टक्के ठेवला गेला. बाकीचे राज्याने आणि आपण घालायचे.

छत्रपती संभाजीनगरात 2018 साली नारेगावच्या कचरा डेपोशेजारच्या लोकांनी गाड्या अडवल्या आणि कित्येक आठवडे शहरभर कचरा पडून राहिला. वेंगुर्ल्याने तीन वर्षं आधीच उलटी वाट धरली होती. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी घरातच वर्गीकरण करायला लावलं आणि डंपिंग ग्राउंडच्या जागी लोक बघायला येतात असं ठिकाण उभं केलं. वेंगुर्ले लहान गाव आहे हे खरं. म्हणून तर पेठेपासून, एका प्रभागापासून सुरुवात करावी.

हद्दीबाहेरच्या गावांसाठी

1972 मध्ये महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द तीच आहे, वस्ती मात्र पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगावकडे सरकली. या गावांत अपार्टमेंट शहरासारखी आणि कचऱ्याची व्यवस्था ग्रामपंचायतीची. 2017 मध्ये 42 गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. प्रत्येक गावाने आपापला खड्डा शोधण्यापेक्षा पन्नास किलोमीटरच्या आतल्या गावांनी आणि शहरांनी खर्च वाटून एकच लँडफिल करावं, ही वाट 2016 च्या नियमांनी दाखवली. ओला कचरा ज्याने त्याने गावात जिरवायचा, सामायिक लँडफिलवर फक्त उरलेला गाळ न्यायचा. नव्या इमारतीला परवानगी देतानाच ग्रामपंचायतीने हौदाची जागा नकाशात मागावी. बांधून झाल्यावर ती मिळत नाही.

ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत ठेका समोर आला तर दर विचारण्याआधी पैसे कशावर मिळणार ते विचारा. उचललेल्या वजनावर असतील, तर ओला कचरा, माती, खरमाती जितकी जास्त तितकं ठेकेदाराचं बिल मोठं, आणि तुम्ही घरी जिरवलेलं त्याला नको असतं. वेगळा करून आणलेला कचरा आणि प्रक्रियेनंतर उरलेला गाळ, या दोन्हींचं वजन वेगळं नोंदवायला लावा. गाळ जितका कमी तितके पैसे जास्त, अशी अट घाला. काट्याच्या रोजच्या पावत्या महिन्याच्या महिन्याला कार्यालयाच्या फळ्यावर लागतील, हे ठरावात लिहून घ्या.